गुडघ्याचा हिशेब

कॉलेजात मी कबड्डी खेळायचो. १९८८ साली पकड करताना उजवा गुडघा पिळवटला. आठवडाभर हळदीचा लेप लावला आणि पुन्हा मैदानात! आज इथे न्यू जर्सीत बेसमेंटचा जिना उतरताना तोच गुडघा कुरकुरतो. म्हणून लेकीला सॉकर नको, असा माझा हट्ट.

डॉक्टर हसून म्हणाले, "डावाही तितकाच खेळला ना? तो ठणठणीत आहे! नुसत्या खेळाने गुडघे सहसा झिजत नाहीत. अंगावर काढलेली दुखापत महागात पडते. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, ती सहजी भरून येत नाही. मांडीचे स्नायू बळकट ठेवा."

आता शनिवारी मॅचआधी लेक नीट वॉर्म-अप करते आणि बाबा कडेला खुर्ची धरून अर्ध्या उठाबशा काढतात. शाळेतली शिक्षा आता औषध झाली आहे!