कुंपणाखालची वाट

बंडूनं पहिला खड्डा खणला तो एप्रिलात, जास्वंदीच्या बुंध्याशी. गोल, परातीएवढा, फार खोल नाही. दुपारभर तो त्यात पोट टेकून पडून असायचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळव्यांना थोडासा येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. तेव्हा वरची तापलेली माती उकरून खालच्या गारव्यात पडणं हा त्याचा शहाणपणा होता. मी जास्वंदीवर गोणपाट बांधलं, खड्ड्यात सकाळी तांब्याभर पाणी शिंपडू लागले आणि तो खड्डा त्याला देऊन टाकला.

जूनमधले खड्डे वेगळे होते. मृगाचा पाऊस पडून हवा गार झाली होती, आणि बंडू मागच्या कुंपणाशी खणत होता. हे खड्डे लांबट, अरुंद, जाळीखालून पलीकडे जाणारे. तेही एकाच ठिकाणी, तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मध्ये, रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला.

आमचं घर नाशिकच्या कडेला, मखमलाबादच्या शिवारात. मागे द्राक्षबाग आणि मध्ये तारेची जाळी. मी खड्ड्यात दगड भरले, शहाबादी फरशीचे तुकडे उभे रोवले. त्यानं ते उकरून काढले, नाक सोलवटून घेतलं. कुणीतरी सांगितलं म्हणून एकदा मिरचीपूड टाकली. तो रात्रभर शिंकत, पंजांनी तोंड पुसत राहिला. त्या रात्रीची मला अजून लाज वाटते.

एवढा आटापिटा करण्याला कारण होतं. आमच्याकडच्या मळ्यांत बिबट्या नवा नाही. जिल्ह्याला लागूनच असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. बिबट्यांनी खाल्लेल्या भक्ष्याचं वजन धरलं, तर ८७ टक्के पाळीव जनावरं होती आणि त्यात नुसती कुत्रीच ३९ टक्के. हा आकडा वाचल्यापासून दिवेलागणीला बंडू दिसला नाही की माझ्या पोटात गोळा यायचा.

शेवटी उपाय सापडला तो सोपा होता. दोन फूट रुंदीची जाळी घेऊन ती कुंपणाच्या तळाला तारेनं बांधायची आणि आपल्या बाजूला जमिनीवर आडवी पसरायची. टोकं खाली वळवायची, म्हणजे पंजाला लागत नाहीत. वीतभर माती उकरून जाळी त्यात निजवायची, वर दगड आणि पुन्हा माती. कुत्रा कुंपणाला नाक लावून तिथेच खणतो. पंजाला जाळी लागली की थांबतो. दोन फूट मागे सरकून खणावं, हे सहसा त्याला सुचत नाही.

नवरा आणि मी रविवारभर खपलो. तिसऱ्या-चौथ्या खांबांमध्ये पोचलो तेव्हा दिसलं, की कुंपणाची मूळ जाळी तळाशी हातभर कापलेली होती. कापलेला भाग कधीतरी वर दुमडून खताच्या गोणीच्या सुतळीनं बांधला असावा. सुतळीचा तुकडा तसाच होता आणि तारेत काळे केस अडकले होते. आता तिथे नव्या तारेचे टाके होते. म्हणजे बंडू नवी वाट काढत नव्हता. त्याची जुनी वाट कुणीतरी बंद केली होती.

बागवाल्या भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "पावसाआधी मीच शिवली ना ताई. मजुरांच्या पोरांनी कापली होती."

मजूर म्हणजे सुरगाण्याकडची माणसं. गोडी छाटणीच्या आधी येतात, द्राक्षं उतरवून, एप्रिलची खरड छाटणी उरकून, भात-नागलीच्या पेरणीला गावी परततात. आमच्या जाळीपासून पन्नास पावलांवर, बागेच्या बांधाला त्यांचं ताडपत्रीचं खोपट असतं. भाऊंकडून नंबर घेऊन मी फोन केला. पलीकडची बाई आधी घाबरली, मग हसायला लागली. "काळ्या का? तो रोज येयाचा ताई. भाकर खायाचा, आन् आमची जेवणं होईस्तोवर दाराशी बसायचा."

आम्ही जेवत असताना बंडू मागच्या अंगणात असतो, असा आमचा आठ महिने समज होता.

जाळी पुरल्यावर त्यानं खणणं सोडलं, पण साडेसहाला तिथे जाऊन बसणं सोडलं नाही. मग मी त्याला उजेडातच साखळी लावून पुढच्या फाटकानं, वळसा घालून त्या बांधावर नेऊ लागले. रिकाम्या खोपटाची जागा तो हुंगायचा, चुलीच्या दगडांशी थांबायचा आणि आपण होऊन परत फिरायचा. पंधरा-वीस दिवसांनी जाळीपाशी बसणं कमी झालं.

दसऱ्याच्या सुमाराला मजूर परत आले. माझ्याआधी बंडूला कळलं. त्यांचा आठेक वर्षांचा मुलगा जाळीशी येऊन "काळ्या, काळ्या" करत होता. आम्ही त्या जागी लहानसं फाटक बसवून घेतलं. शाळेतून आल्यावर उघडायचं, दिवे लागायच्या आत बंद करायचं, असं मी मुलाला समजावलं.

"रातीला का नाय?"

"रात्री बिबट्या येतो ना बाळा. बंडूला नेईल."

त्यानं खोपटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग आम्ही?"

खोपटाला दार नव्हतं. जुन्या लुगड्याचा पडदा होता. कुत्र्यासाठी मी दोन फुटांची जाळी पुरली होती, आणि पन्नास पावलांवर हे मूल पडद्याआड झोपत होतं. बंडू तिथे नुसता भाकरीसाठी बसत नसणार, त्यांनीही त्याला नुसतं लाडानं बसवलं नसणार. आणि बिबट्या ज्याच्या वासानं येतो, तेच कुत्रं त्यांनी राखणीला ठेवलं होतं. त्यांच्याकडे दुसरं काय होतं?

दुसऱ्या दिवशी भाऊंकडे गेले. बोलणं सोपं झालं नाही. "दर वर्षी अशीच राहतात ती," ते म्हणाले. खरंच होतं, मीही दर वर्षी पाहत होते. अखेर पत्रे त्यांनी दिले, दाराचा खर्च आम्ही केला, आणि आमच्या मागच्या भिंतीवर बांधाकडे तोंड करून एक दिवा लावला.

दिवाळीच्या आधी दार बसलं. संध्याकाळी फाटक लावायला गेले, तर मुलगा बंडूला दाराची कडी लावून-काढून दाखवत होता. मी हाक मारली. "बंडू!" त्यानं मान वळवली. मुलानं हळूच म्हटलं, "काळ्या, जा घरी." तेव्हा कुठे तो आला.