झाडाला कळतं

२०२५च्या एप्रिलमध्ये आमच्या नजरबादजवळच्या हैदर अली रोडवरची ४० झाडं रस्ता रुंद करण्यासाठी तोडली गेली. शहरात त्याचा निषेध झाला. मी त्या दिवसांत मुलांसाठीच्या एका इंग्रजी पुस्तकाचं मराठी करत होते, आणि पुस्तक नेमकं झाडांविषयीच होतं. त्यात आई-झाड जमिनीखालच्या बुरशीच्या धाग्यांतून पिल्लांना खाऊ पाठवतं आणि कीड आली की शेजाऱ्यांना सांगतं. ‘सांगतं’ हे क्रियापद मी सहज लिहून गेले होते. उजाड रस्त्यावरून घरी आले आणि ते टोचायला लागलं. त्या ४० झाडांनी एकमेकांना काय सांगितलं असेल?

अनुवादकाला शंका आली की तो मूळ शोधतो. या गोष्टीचं एक मूळ १९९७ सालचं आहे. कॅनडात सुझन सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी भूर्जाच्या जातीतली आणि डग्लस फरची रोपं शेजारी-शेजारी लावली, त्यांना खुणेचा कार्बन दिला आणि तो एका रोपातून दुसऱ्यात जातो हे दाखवलं. फर जितकं सावलीत, तितकं भूर्जाकडून त्याला जास्त मिळालं. पण २०२३मध्ये जस्टीन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी सगळे पुरावे पुन्हा तपासले. मोठी झाडं बुरशीच्या जाळ्यातून आपल्याच पिल्लांना निवडून अन्न किंवा इशारे पाठवतात, याला प्रत्यक्ष रानातला पुरावा त्यांना सापडला नाही. या तिघांतल्या जोन्स १९९७च्या निबंधाच्याही सहलेखिका होत्या. स्वतःच्या जुन्या मजकुराकडे असं परत जाणं मला फार मोलाचं वाटलं.

हवेतल्या निरोपांचा पुरावा त्या मानाने भक्कम आहे. कॅलिफोर्नियात सेजब्रश नावाचं झुडूप कातरलं, तर शेजारच्या रानतंबाखूची पानं कीटक कमी खातात. पण सेजब्रशला तंबाखूचं एवढं काय पडलंय? मेक्सिकोत लिमा बीनवर, म्हणजे आपल्या डबल बीवर, झालेल्या कामातून एक साधं उत्तर सुचतं. जखमी पानाचा वास त्याच वेलाच्या दुसऱ्या भागाला सावध करतो. वेल कदाचित स्वतःलाच हाक मारत असेल. शेजारी ती ऐकतो, एवढंच.

म्हणजे ‘सांगतं’ चूक होतं. मग काय लिहायचं? ‘संदेशवहन होतं’ लिहिलं तर मुलं पुस्तक मिटतील.

वरच्या मजल्यावरच्या अज्जींना ही अडचण सांगितली. त्या रोज त्याच रस्त्याने कालिकांबेच्या देवळात जायच्या. झाडं बोलतात का, असं मी विचारलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, “मातु गीतु इल्ला. मरक्के गोत्तागुत्ते.” बोलणं-बिलणं काही नाही, झाडाला कळतं.

हे वाक्य मराठीत आणताना मला काहीच करावं लागलं नाही. कन्नडमधली चतुर्थी मराठीत तशीच बसते. झाडाला कळतं, झाडाला सुगावा लागतो. इथे कुणी सांगणारा लागत नाही, कुणाचा हेतू लागत नाही. इंग्रजीत झाडाला कर्ता व्हावं लागतं. त्याने जाणायचं, पाठवायचं, बोलायचं. आपल्या दोन्ही भाषांत झाड नुसतं उभं राहतं आणि कळणं त्याच्यापाशी येतं. आजचं संशोधन जेवढं ठामपणे म्हणू शकतं, तेवढंच हे वाक्य म्हणतं.

प्रकाशकांना मुखपृष्ठावर ‘बोलतात’ हवं होतं. त्याने मुलांना झाडांविषयी माया वाटते, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. मलाही वाटलीच होती. पण त्या मायेत एक धोका मला दिसतो. पेटर वोललेबेन यांच्या गाजलेल्या पुस्तकात शहरातल्या झाडांना रस्त्यावरची पोरं म्हटलंय, रानातल्या गोतावळ्यापासून तुटलेली. झाडाचं मोल त्याच्या गोतावळ्यात आणि गप्पांत असेल, तर डांबर-सिमेंटमध्ये एकेकटं उभं असलेलं झाड मुकं ठरतं. ते तोडणं मग सोपं होतं. हैदर अली रोडवरची झाडं एकमेकांशी बोलत होती, असं मी म्हणू शकत नाही. ती बोलत नसली तरी ती गेल्याचं दुःख तेवढंच आहे.

मी ‘सांगतं’ खोडून ‘कळतं’ केलं. ‘आई-झाड’च्या जागी ‘जुनं झाड’ आलं. मुखपृष्ठाचं अजून ठरायचंय.

अज्जी आता ऊन चढायच्या आत देवळात जाऊन येतात. एकदा त्यांना उशीर झाला म्हणून मी छत्री घेऊन सोबत गेले. त्या रस्ताभर काही बोलल्या नाहीत. मीही काही विचारलं नाही.