चाळीचा अंदाज

नेवासं म्हटलं की बाहेरच्या माणसाला पैस आठवतो. ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून गीतेचा अर्थ सांगितला तो दगडी खांब. आमच्या घरातली माणसं टेकतात ती कांदाचाळीच्या मेढीला, आणि वाट बघतात पैशाची.

चाळ घरामागं उभी आहे. अंगानं लांबुडकी, अरुंद, जमिनीपासून दीड फूट वर. ओलीत पाय नको म्हणून लुगडं खोचून उभ्या राहिलेल्या बाईसारखी. बरगड्या बांबूच्या, डोक्यावर पत्रा, पत्र्यावर उसाचं पाचट, पावसाळ्यात दोन्ही अंगांना गोणपाटाचे पडदे. एप्रिल-मेमध्ये उन्हाळी कांदा पोटात घेतला की घरात तिच्याच कलानं चालावं लागतं. सोसायटीचा हप्ता, विहिरीची मोटर, पोराची फी, सगळं ‘चाळ फुटली की बघू’वर.

तिच्यापुढं येऊन भविष्य सांगणारे पुष्कळ. चुलते पंचांग उघडून नक्षत्राचं वाहन सांगतात. मी मोबाईलवरचे रंगीत नकाशे दाखवतो. एक व्यापारी तर दर वर्षी छातीठोक सांगतो, “गणपती उठू द्या, भाव फुटतोच.” चाळ ऐकून घेते. तिचं बोलणं फक्त अण्णांशी. अण्णा रोज सकाळी बाही वर सारून बांबूंच्या फटीतून कोपरापर्यंत हात आत घालतात. आत ऊब लागली की हात बाहेर काढून तळवा हुंगतात. कोरडा, पाल्याचा वास असेल तर चहा. आंबूस ओला वास आला तर त्या दिवशी घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही.

2023 साली तर गंमतच झाली. हवामान खात्यानं देशासाठी सरासरीच्या 96 टक्के पाऊस सांगितला होता, सप्टेंबरअखेर भरला 94. अंदाज चुकला असं म्हणायची सोय नाही. पण त्या 94 च्या पोटात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट दडलेला होता. बेरीज देशाची जुळली, कपाशी आमची माना टाकून बसली. चाळीला मात्र ती कोरडी हवा मानवली. कांदा खणखणीत राहिला, भाव चढायला लागले, सगळ्यांचं एकच म्हणणं: थांबा. आम्ही थांबलो. 19 ऑगस्टला केंद्रानं निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. ते ना पंचांगात होतं, ना माझ्या नकाशात.

डिसेंबरात निर्यातच बंद झाली, 31 मार्च 2024 पर्यंत. आता तारीख खुद्द सरकारची म्हटल्यावर गावोगाव हिशेब मांडले गेले: एप्रिल लागला की बाजार उठणार. बंदी उठली 4 मे ला. तोवर बरीच चाळ भरूनही झाली होती.

अण्णा तेव्हा म्हणाले, “पावसाला वेधशाळेचं ऐकू येत नाही, म्हणून तिचं कधीमधी खरं होतं. बाजार सगळं ऐकतो.” मला ते पटलं. कांदा महागणार असं जाहीर झालं की जो तो रोप टाकतो, जो तो माल दाबून धरतो, आणि दिल्लीही कान टवकारते. भाकितच भाकिताच्या मुळावर येतं. उद्या-परवाच्या पावसाचा इशारा आला तर अण्णा निमूट पडदे सोडतात. हंगामाचा आणि भावाचा अंदाज मात्र ते पाव्हण्यासारखा घेतात. चहा पाजायचा, तिजोरीची किल्ली द्यायची नाही.

चाळही काही साधी नाही. वरून लालबुंद दिसते आणि मधल्या थरात पाणी सुटलेलं असतं. भाडंही जबर घेते, चार-पाच महिन्यांत शंभरातले तीसेक किलो तिचेच.

एकदा घोडेगावच्या लिलावाला चार दिवस होते. व्यापाऱ्याचा फोन आला, “पंधरा दिवस दम धरा, चांगला भाव बघाल.” मीही आलेख काढून बसलो होतो, माझंही तेच मत. अण्णांनी हात आत घातला, काढला आणि तळवा माझ्या नाकापुढं धरला. वास ओला होता. “गोण्या आण,” एवढंच म्हणाले.

निवडून, बारीक गोल्टी वेगळी काढून माल गेला. पंधरा दिवसांनी भाव खरंच वाढला. मी जरा चाचरतच नव्या भावाची पट्टी पुढं केली, “व्यापारी खरं बोलला होता, अण्णा.”

ते रिकाम्या चाळीतली टरफलं झाडत होते. मधल्या थराखालच्या बांबूंवर चिकट काळे डाग पडले होते. एका डागावर बोट टेकवून म्हणाले, “त्याचा भाव पोचला असता. आपला कांदा कुठं पोचला असता?”