पाण्याचं खरं शुद्धीकरण

चोरखमाऱ्याला पाण्याचं नवल नाही. गावाला मोठा तलाव आहे, आजूबाजूला बोड्या आहेत आणि त्या पाण्यावर धान पिकतो. म्हणूनच की काय, आमच्या लोकांची एक समजूत पक्की आहे: तळ दिसला की पाणी चांगलं. गोंदियाला नातेवाइकांकडे मुक्कामी गेलो की आमची म्हातारी माणसं नळाचं पाणी तोंडाला लावून खाली ठेवतात. "औषधाचा वास येते," म्हणतात. त्या वासाबद्दल आयाबहिणींशी चार शब्द बोलावेत असं आम्हाला वाटलं.

गोंदिया शहराला वैनगंगेचं पाणी डांगोर्लीहून येतं. नदीचं पाणी जसंच्या तसं नळाला सोडता येत नाही. मातीचे बारीक कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते खाली बसत नाहीत. तुरटी मिसळली की हे लोटणं थांबतं. मग पाणी हळूहळू ढवळतात, कणांच्या कापसासारख्या गुठळ्या होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. वरचं नितळ पाणी वाळूच्या थरातून गाळतात. वाळू मळली की खालून उलटं पाणी सोडून ती धुतात. शेवटी क्लोरीन घालतात.

तुरटीचा गुण आमच्या आज्यांनाही ठाऊक होता. पावसाळ्यात गुंडात खडा फिरवून त्या गाळ खाली बसवत. पण गाळ बसला म्हणजे रोगाचे जंतू मेले असं नव्हे. नितळ पाण्यातही ते असतात, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना मारायला क्लोरीन लागतो, आणि त्यालाही निदान अर्धा तास द्यावा लागतो. शिवाय नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. वाटेत पाईप फुटून थोडी घाण शिरली तर तोच कामी येतो. म्हणजे नळाच्या पाण्याचा हलका वास ही खोड नाही, राखण आहे.

जर्मनीत एल्ब नदीकाठी हॅम्बुर्ग आणि अल्टोना ही शहरं एकमेकांना लागून होती. 1892 साली हॅम्बुर्गमध्ये पटकीने 8 हजारांवर माणसं मेली. तिथे नदीचं पाणी न गाळता पीत होते. अल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, तरी ते बरंचसं वाचलं, कारण तिथे पाणी वाळूतून गाळलं जात होतं.

शुद्धीकरण हा शब्द आपल्या समाजाने वेगळ्या अर्थानेही ऐकला आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर सनातन्यांनी तळं "शुद्ध" केलं, ते 108 घागरी पंचगव्य ओतून! शेण आणि गोमूत्र पाण्यात घालून पाणी शुद्ध झालं म्हणे. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, जंतूंनी बाटतं.

आमच्या पाहण्यातल्या एका गावात मोठ्या विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडायची, वस्तीची विहीर मात्र राहून जायची. एका पावसाळ्यात वस्तीतल्या पोरांना हगवण लागली. तेव्हा बायाच ग्रामपंचायतीत गेल्या आणि म्हणाल्या, "आमच्यासमोर पावडर टाका, आमच्यासमोर तपासा." तपासणी सोपी आहे. बाटलीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. पाणी कोण भरतं, हे ती बाटली विचारत नाही.

भगिनींनो, आपल्या विहिरीत पावडर कधी पडली, हे विचारत चला. पावडर उघड्यावर किंवा ओलीत ठेवली तर तिचा जोर जातो, तेही बघा. शंका आली तर पाणी खळखळून उकळा. आणि नळाला हलका वास आला म्हणून लेकरांना बोडीचं पाणी पाजू नका. पाण्याचा हक्क लढून मिळाला आहे. ते पाणी स्वच्छ मिळावं, हाही त्याच हक्काचा भाग आहे.