नव्या जीवाची नोंद

प्राणवायूचा स्पर्श होताच जे मरतात असे सूक्ष्मजीव वाढविण्याचे काम मी तारुण्यात, शेणगॅसच्या अभ्यासानिमित्त, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत केले; तापविलेल्या तांब्यावरून वायू नेऊन त्यातील प्राणवायूचा अखेरचा अंश काढून टाकावयाचा, रेझाझुरिन घातलेल्या पोषणद्रवाची गुलाबी छटा लोपून तो निर्वर्ण झाल्याखेरीज सुईला हात लावावयाचा नाही, आणि रॉबर्ट हंगेट यांनी घालून दिलेल्या रीतीने वितळलेल्या अगारची नळी बर्फावर फिरवून आतल्या भिंतीवर पातळ थर बसवावयाचा, हा माझा नित्यक्रम होता. गुलाबी छटा परतली की ती नळी बाद.

म्हणूनच आगरकर संशोधन संस्था व राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र येथील लांजेकर, मराठे, शौचे, रानडे प्रभृतींनी मानवी विष्ठेतून मिळविलेल्या अशाच सूक्ष्मजीवाच्या, ‘मेगास्फेरा इंडिका’ या नव्या जातीचा 2014 सालचा निबंध मुळशीतील घरी वाचताना त्याच्या ओळीओळीमागचे कष्ट मला दिसत होते. पौडच्या दप्तरात हयात घालविलेले माझे शेजारी, निवृत्त तलाठी, सारे ऐकून घेऊन म्हणाले, “सर, नाव लागलं ते ठीक, पण हा जुन्याच खातेदाराचा वारस नाही, याला दाखला काय?”

प्रश्न मर्मावरचा होता. 26 आणि 56 वर्षे वयाच्या दोन निरोगी व्यक्तींकडून या जातीचा एकेक वाण मिळाला होता; त्या दोन्ही वाणांचे रायबोसोमचे जनुक, मेंढीच्या पोटातून पूर्वीच ज्ञात झालेल्या ‘मेगास्फेरा एल्सडेनाय’शी 99 टक्क्यांहून अधिक जुळत होते, आणि तेवढ्यावरच निकाल दिला असता तर दोघेही त्याच खात्यात जमा झाले असते. परंतु हे जनुक फार मंदगतीने बदलते, त्यामुळे निकटच्या जाती त्यात एकसारख्या दिसतात. म्हणून संपूर्ण डीएनए परस्परांशी किती जुळतो हे पाहिले, तेव्हा जुन्या जातीशी तो अवघा 42 व 53 टक्के, तर या दोघांचा आपसांत सुमारे 81 टक्के भरला. एका जातीची मान्य मर्यादा 70 टक्के आहे. तलाठीबुवांनी मान डोलावली.

आपल्या लोकांच्या उदरातील जीवसृष्टी आपल्याच माणसांनी इतक्या चिकाटीने तपासावी, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तरीही मला सर्वांत मोलाची वाटते ती या शास्त्राची एक सक्त अट: नुसते वर्णन छापून नाव कायम होत नाही, तर नमुन्याचा जिवंत वाण दोन भिन्न देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. ‘मेगास्फेरा इंडिका’चा असा वाण पुण्यातील संग्रहात आहे, तसाच जर्मनीतही आहे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या आमच्या तालुक्यातील मुलामुलींना माझे सांगणे आहे की, या नावाविषयी शंका आली तर आपल्या महाविद्यालयामार्फत पुण्यातील त्या संग्रहाकडे रीतसर अर्ज करावा, वाण मागवावा आणि स्वतः पडताळून पाहावा.