उंच गाडी, ह्यांचे गुडघे आणि माझी उंची

गाड्यांची परीक्षणं वाचताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत, पडदा किती इंची, छताला काच आहे की नाही, हे सगळं त्यात असतं. पण सत्तरीचा माणूस त्या गाडीत बसणार कसा आणि उतरणार कसा, यावर एक ओळ नसते. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

आमच्याकडे ह्यांचे दोन्ही गुडघे गेलेत आणि हृदयामुळे डॉक्टर ऑपरेशनला तयार नाहीत. जुन्या गाडीची सीट इतकी खाली, की उतरताना ह्यांना दाराची चौकट धरून स्वतःला वर ओढून घ्यावं लागे. गेल्या पावसाळ्यापासून ह्यांचं बाहेर पडणंच कमी झालं. लग्न असो, नाटक असो, "आज नको, कंटाळा आलाय" हे ठरलेलं उत्तर. कंटाळा कसला ते मला कळत होतं. गाडी मी चालवते, आणि माझी उंची चार फूट अकरा इंच. ही दोन मापं लक्षात ठेवा, पुढची सगळी कथा त्यांचीच आहे.

पुतण्या म्हणाला, "काकू, कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्या. काका खुर्चीत बसल्यासारखे बसतील."

आता ही एसयूव्ही म्हणजे काय प्रकरण आहे? दिसायला जीपची धाकटी बहीण, पण आतून साधी मोटारच. नेक्सॉन काय, ब्रेझा काय, ओढ फक्त पुढच्या दोन चाकांना. चिखलात रुतली तर आपल्या जुन्या मोटारीसारखीच रुतणार. आणि दोघींची लांबी ३९९५ मिलिमीटर! हा योगायोग नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांचा कर कमी केला, तेव्हापासून कंपन्या पाच मिलिमीटर राखून गाड्या बनवतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला जीएसटी १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के. पण इंजिनाचीही अट आहे, पेट्रोलला १२०० सीसी आणि डिझेलला १५००. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून लांबीत पास होऊनही ती ४० टक्क्यांच्या वर्गात बसते. गणित शिकवताना असं उदाहरण मिळालं असतं तर मुलांनी जास्त लक्ष दिलं असतं.

तर आम्ही दोन रविवार शोरूम पालथ्या घातल्या. मी शिवणाची टेप पर्समध्ये टाकली होती. विक्रेता मुलगा आधी हसला, मग स्वतःच टेपचं दुसरं टोक धरायला लागला. जुन्या गाडीची सीट जमिनीपासून एकवीस इंच, नव्या गाड्यांची पंचवीस-सव्वीस. चार-पाच इंच म्हणजे काही फार नव्हे, पण हे पाठ टेकवून बसले, पाय आत घेतले आणि तसेच उतरलेही. चौकटीला हात लावला नाही. मात्र एका गाडीच्या दाराचा उंबरठा इतका रुंद होता, की पाय त्यावरून उचलून न्यावा लागत होता. ती तिथेच बाद. ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. ज्याचे गुडघे आहेत त्यालाच नेऊन बसवावं लागतं.

मग मी चालकाच्या जागी बसले, आणि अडचण उलटी झाली. बॉनेट उंच आणि मी बुटकी. मी त्या मुलाला एक बादली आणायला लावली आणि गाडीच्या नाकापासून हळूहळू लांब सरकवायला सांगितली. ती मला दिसली तेरा फुटांवर! सीट पूर्ण वर घेतल्यावर दहा फुटांवर. घरी येऊन जुन्या गाडीशी तोच प्रयोग केला, तर आठ फूट. आमच्या गल्लीत पोरं रस्त्यातच बसून गोट्या खेळतात. मागे सेन्सर असतो, २०१९ पासून तो सक्तीचाच आहे. पुढे मात्र आपले डोळेच. त्यामुळे सीट वर-खाली होणं ही माझ्यासाठी चैन नाही, आणि काही गाड्यांच्या सगळ्यात स्वस्त प्रकारात नेमकं तेच नसतं.

इथे हे म्हणाले, "अगं, मग वॅगन आर काय वाईट?" प्रश्न अगदी रास्त होता. वॅगन आरची उंची १६७५ मिलिमीटर, ब्रेझाची १६८५. फरक एका सेंटिमीटरचा. गुडघ्यांचं काम तिथे बऱ्याच कमी पैशांत होतं, बॉनेटही आखूड. गावातल्या गावात फिरणाऱ्यांनी तिचाच विचार करावा असं माझं प्रामाणिक मत आहे. पण ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या धडक-चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला होता. सहा एअरबॅगा तिच्यात त्यानंतर आल्या. नेक्सॉनला त्याच संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे दिले. मुलगी पुण्यात, आम्ही साताऱ्यात, महिन्यातून दोनदा हायवे. म्हणून आमचा कौल ताऱ्यांना.

अर्थात तारे पट्टा लावणाऱ्यांसाठी. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे मागे बसणाऱ्या पाहुण्यांनाही सूट नाही.

शेवटची परीक्षा यवतेश्वरच्या घाटात. शोरूमवाले सपाट रस्त्यावर फिरवून आणतात, तिथे सगळ्याच गाड्या गुणी असतात. एएमटी म्हणजे गिअरबॉक्स साधाच, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं यंत्र करतं. चढावर थांबून निघताना एक गाडी हातभर मागे आली. दुसरीत ब्रेक दोन क्षण धरून ठेवण्याची सोय होती, ती जागची हलली नाही. डाव्या पायाला विश्रांती हवी असेल तर ही सोय मागून घ्याच.

आम्ही मधला प्रकार घेतला. छताला काच नाही, पडदा लहान, पण सीट वर होते आणि चढावर गाडी थांबते. ह्यांनी परवा आपणहून विचारलं, "शाहू कलामंदिरात काय लागलंय?"

एक हिशोब मात्र मनात राहतो. पंचावन्नीनंतर परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो. माझा आत्ताच नवा झालाय, पुढचा मिळेल न मिळेल. गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची. म्हणजे तिचं अर्ध्याहून जास्त आयुष्य दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात जाणार. पुतण्या सहा फुटी आहे. सीट खालीही जाते, ते मी बघून घेतलंय.