आधारची झेरॉक्स नक्की काय सिद्ध करते?

चऱ्होलीत भाड्याने घर घ्यायचं तर आधारच्या किती झेरॉक्स लागतात ते एकदा मोजून बघा. एजंटला एक, घरमालकाला एक, सोसायटीच्या ऑफिसला एक, पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदीला एक, गॅसवाल्याला एक. पोरगं चाकणला कंत्राटदाराकडे कामाला असेल तर तिथे दोन, आणि मेसवाल्याने मागितली तर तीही. बऱ्याचदा कागदसुद्धा नसतो, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की झालं. तो फोटो पुढे कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये पडून राहतो ते देवाला ठाऊक.

आमच्या सोसायटीत निम्मी घरं भाड्याने दिलेली. ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे, त्यात सहा वर्षांच्या झेरॉक्सा. सोडून गेलेल्या भाडेकरूंच्या, धुणंभांडी करणाऱ्या बायकांच्या, ड्रायव्हरांच्या, दोन महिने टिकलेल्या वॉचमनच्या. कपाटाला कुलूप आहे, किल्ली गेटवरच्या केबिनमध्ये खिळ्याला. हे फक्त आमच्याकडेच आहे असं नाही. १९९७ साली गाव महापालिकेत आलं, मग टॉवर उभे राहिले, आणि प्रत्येक टॉवरखाली असं एक कपाट आलं.

आता मूळ प्रश्न. या झेरॉक्सने सिद्ध काय होतं? आजवर एकाही सोसायटीत, एकाही एजंटकडे ती कुणी तपासताना मी पाहिलेली नाही. मोबाइलवरच्या साध्या ॲपमध्ये नाव बदलून, फोटो चिकटवून प्रिंट काढली तर गेटवर कुणाला कळणार? म्हणजे खोटं बोलणाऱ्याला ती अडवत नाही. खरं बोलणाऱ्याचा मात्र पूर्ण बारा आकडी नंबर, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो एका दमात दुसऱ्याच्या हातात जातो.

आमच्याकडे जालन्याकडचा एक मुलगा राहतो, चाकणच्या कारखान्यात कंत्राटी. मार्चमध्ये त्याला वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, मोबाइलचे हप्ते थकलेत म्हणून. त्याने असा कुठला मोबाइल घेतलेलाच नव्हता. कुठल्या तरी दुकानात त्याच्या आधारच्या कॉपीवर कुणीतरी कर्ज उचललं होतं. कॉपी कुठून गेली, हे शोधणार कसं? त्याने वर्षभरात ती नऊ जणांना दिली होती, माझ्यासमोर बसून बोटांवर मोजली त्याने. "काका, नाही दिली तर खोली कोण देणार?" असं म्हणाला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण यावर उपाय २०१८ पासून सरकारी साइटवरच पडून आहे, आणि म्हणूनच हे लिहितोय. त्या वर्षी २६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने आधारचा निकाल दिला आणि खासगी कंपन्यांनी कलम ५७ च्या जोरावर आधार वापरायला चाप लावला. मग यूआयडीएआयने 'ऑफलाइन ई-केवायसी' पुढे आणलं. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला कायद्यात जागा मिळाली. त्या दुरुस्तीत स्पष्ट म्हटलंय की अशी ऑफलाइन पडताळणी करणाऱ्याने आधार नंबर गोळा करायचा नाही, साठवायचा नाही. आता आमचं कपाट आठवा.

व्यवस्था अशी आहे. आपण आधारच्या साइटवर जायचं, ओटीपी टाकायचा, चार आकडी शेअर कोड ठरवायचा आणि एक झिप फाइल उतरवायची. ती त्या कोडने कुलूपबंद असते. आत एक्सएमएल फाइल असते, म्हणजे नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो आपापल्या खणात मांडून ठेवलेला मजकूर. आधार नंबर त्यात नाही, फक्त शेवटचे चार आकडे आणि फाइल बनल्याची तारीख-वेळ. मोबाइल नंबरही उघड नाही, त्याचा फक्त हॅश आहे. आणि शेवटी यूआयडीएआयची डिजिटल स्वाक्षरी.

ही स्वाक्षरी म्हणजे सहीचा फोटो नव्हे. फाइलमधल्या मजकुराचा एक गणिती ठसा काढतात आणि तो यूआयडीएआय आपल्या गुप्त किल्लीने बंद करते. जोडीची किल्ली सार्वजनिक असते, तिने कुणालाही तपासता येतं. मजकुरातलं एक अक्षर हललं तरी ठसा जुळत नाही. एक्सएमएलवर अशी सही कशी करायची याचं मानक २००२ सालचं आहे, आणि आपल्याकडे डिजिटल सहीला कायद्याची मान्यता २००० च्या आयटी ॲक्टने दिली. म्हणजे यातलं काहीच नवीन नाही.

मी त्या मुलाला बसवून त्याची फाइल उतरवली. आधारला नंबर वडिलांचा जोडलेला, त्यामुळे ओटीपी गेला गावी. वडील रानात. दोनदा वेळ संपली, तिसऱ्यांदा त्यांनी आकडे वाचून दाखवले. (ज्याचा मोबाइल आधारला जोडलेलाच नाही त्याला हा रस्ता बंद, ही यातली मोठी अडचण.) पुढचं काम लॅपटॉपवर. लिनक्सवर एक्सएमएलसेक नावाचा फुकट प्रोग्रॅम मिळतो. टर्मिनल उघडायचं, प्रोग्रॅमचं नाव, 'तपासा' असा पर्याय, यूआयडीएआयचं सर्टिफिकेट आणि फाइल, एवढी एक ओळ. एंटर मारल्यावर क्षणात 'ओके' आलं. मग त्याच्यासमोरच पत्त्यात जालन्याचं जळगाव केलं आणि परत तपासलं. फेल. मुलगा चक्रावला. म्हणाला, "एवढंच? मग सगळे झेरॉक्स कशाला मागतात?"

इथे एक मेख आहे, नीट वाचा. अशा सही केलेल्या फाइलमध्ये पुष्कळदा सही करणाऱ्याचं सर्टिफिकेटही सोबत असतं. त्यानेच तपासलं तर काय उपयोग? मी स्वतःची किल्ली बनवून, स्वतःच सही करून, स्वतःचं सर्टिफिकेट आत घालून दिलं तरी गणित जुळेलच. सर्टिफिकेट यूआयडीएआयच्या साइटवरून आपण वेगळं उतरवायचं आणि कमांडमध्ये तेच वापरायला सांगायचं. शिक्क्याचा नमुना तलाठ्याकडून घ्यायचा, दाखला घेऊन येणाऱ्याकडून नव्हे.

आणि ते झिपचं कुलूप फार मोठं समजू नका. चार आकडे म्हणजे दहा हजार शक्यता, कॉम्प्युटर त्या चहा होईपर्यंत संपवतो. त्यात आमचे लोक फाइल आणि कोड एकाच व्हॉट्सॲप मेसेजमध्ये पाठवतात! कोड निदान फोनवर सांगा. सहीची मजबुती आणि कुलपाची मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे सही पक्की आहे, कुलूप तकलादू.

सही खरी निघाली म्हणजे माणूस तोच, असंही नाही. दुसऱ्याची फाइल कुणीही घेऊन येऊ शकतो. म्हणून आतला फोटो उघडून समोरच्या चेहऱ्याशी ताडायचा, तारीख बघायची, फार जुनी असेल तर नवी मागायची. पत्ताही आधारवर जो आहे तोच, माणूस आज तिथे राहतो का, ते ती सांगत नाही.

सरकारचं म्हणाल तर २०२२ च्या मे महिन्यात गंमत झाली. २७ तारखेला यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं की आधारची कॉपी कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार वापरा. २९ तारखेला मंत्रालयाने ते मागे घेतलं. चुकीचा अर्थ निघू शकतो म्हणे, लोकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी. नेहमीची सावधगिरी म्हणजे काय? जालन्याच्या पोराने नवव्या माणसाला झेरॉक्स देताना कुठली सावधगिरी बाळगायची होती? पत्रकात भीती होती हे खरं, पण निदान प्रश्न टेबलावर आला होता. दोन दिवसांत तो परत ड्रॉवरमध्ये गेला.

कमिटीत मी विषय काढला. सेक्रेटरी म्हणाले, "सर, सगळीकडे झेरॉक्सच मागतात, आपण वेगळं कशाला करायचं?" दुसरे म्हणाले, लॅपटॉप चालवणार कोण, वॉचमन? दोन्ही आक्षेप खोटे नाहीत. म्हणून मी एवढंच मागितलं: सरकारी कामाला कागद लागेल तिथे मास्क्ड प्रत द्या, सोसायटीच्या नोंदीसाठी फाइल घ्या, मी तपासून देतो, आणि तपासली की रजिस्टरला नाव, तारीख, 'सही जुळली' एवढी ओळ लिहून फाइल डिलीट. गेल्या दोन महिन्यांत अकरा भाडेकरूंनी फाइल दिली. एक जुळली नाही. तीत काही खोटं नव्हतं, मालकाने नोटपॅडमध्ये उघडून 'नीटनेटकी' करून सेव्ह केली होती. नवी उतरवली, जुळली.

कपाटाचा निर्णय रविवारच्या सर्वसाधारण सभेत आहे. सोडून गेलेल्यांच्या झेरॉक्सा फाडून टाकायच्या, असा ठराव मी दिलाय. रद्दीत द्यायच्या नाहीत, हे त्यात मुद्दाम लिहिलंय, कारण मागच्या दिवाळीत एक गठ्ठा रद्दीवाल्याला गेला होता.